फादरांची शाळा, सिस्टरांचा दवाखाना: पण कारभार नेमका कुणाचा?

प्रवेशाचे दिवस आले की सोलापुरात एक प्रश्न हमखास कानावर येतो, "फादरांच्या ओळखीचं कुणी आहे का?" शाळा फादरांची, वसतिगृह सिस्टरांचे, दवाखाना मिशनचा, असेच आपण बोलतो. त्यात गैर काही नाही. पण त्यातून एक समज पक्का होत जातो, की कॅथलिक संस्था म्हणजे झगा घातलेल्या एका माणसाच्या मर्जीचा मामला. हा समज फक्त बाहेरच्यांचा नाही. दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारे, दानाच्या पिशवीत पैसे टाकणारे, सणाला मंडपासाठी धावपळ करणारे आमचे कॅथलिक लोकही तेच धरून चालतात. कारभार फादर बघतील, आपण प्रार्थना करावी आणि बोलावले तर खुर्च्या लावाव्यात.

चर्चचा स्वतःचा कायदा मात्र तसे म्हणत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८३ साली लागू केलेल्या कॅनन लॉ या संहितेत प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या, नोकरी-धंदा-संसार सांभाळणाऱ्या श्रद्धावंतांना, कारभारात ठरलेल्या जागा आहेत. काही ठिकाणी त्यांचा फक्त सल्ला घेतला जातो. काही ठिकाणी ते ज्या मंडळात बसतात त्या मंडळाची संमती नसेल, तर खुद्द बिशपांचा निर्णयही रद्दबातल ठरतो. यातली बहुतेक कलमे आमच्या लोकांनी कधी पाहिलेली नाहीत, कारण ती त्यांच्या भाषेत त्यांच्यापुढे कुणी ठेवलीच नाहीत. धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या समाजाच्या (पॅरिशच्या), हिशेबाचे काम करताना मला ही कलमे एकेक करून वाचावी लागली, आणि ती सगळ्यांना ठाऊक असायला हवीत असे मनापासून वाटले.

आधी सोलापूरपुरता एक खुलासा. आपल्या शहरात ख्रिस्ती म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे अमेरिकन मराठी मिशनचा वारसा येतो. एकोणिसाव्या शतकात त्या मिशनने इथे शाळा आणि मंडळ्या उभ्या केल्या, आणि त्या परंपरेतले बरेच लोक आज १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. तिथे सभासदांनी निवडून दिलेली कमिटी पाळकांच्या बरोबरीने कारभार पाहते. कॅथलिकांची घडण वेगळी आहे. सोलापूरचे कॅथलिक पुणे धर्मप्रांतात येतात. तिथे बिशप हे प्रमुख, त्यांनी नेमलेले फादर धर्मग्रामाचे प्रमुख, आणि बिशपांची नेमणूक पोप करतात. सभासदांच्या मतदानातून यातले कुणीच निवडून येत नाही. त्यामुळे "त्यांच्याकडे निवडणूक होते, मग आपल्याकडे का नाही?" हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. निवडणूक नसताना प्रापंचिकांच्या हाती काय उरते, हे पाहावे लागते. आणि बरेच काही उरते.

एकाच संस्थेवर दोन कायदे

कॅथलिक शाळा, दवाखाना किंवा वसतिगृह यांच्यावर एकाच वेळी दोन कायद्यांचा अंमल असतो. एक कॅनन लॉ आणि दुसरा देशाचा. महाराष्ट्रात या संस्था बहुतेक करून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली किंवा १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेल्या असतात, आणि सोसायटी असली तरी तिची नोंद बहुधा न्यास म्हणूनही होते. म्हणजे धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आले, दरवर्षीचे ऑडिट आले, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट आला. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची असेल तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असली तरी लागते.

आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी १९७३ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवले, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला, आणि आज तिथला कारभार मंदिर समिती पाहते. चर्चच्या मालमत्तेसाठी असा खास कायदा देशात कुठे नाही. केरळमध्ये २००९ साली न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्णा अय्यर यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी सुधारणा आयोगाने तसा मसुदा सुचवला होता. निवडून आलेल्या प्रापंचिकांच्या हाती चर्चची मालमत्ता द्यावी, अशी त्यामागची कल्पना. चर्चने कडाडून विरोध केला. २०१९ साली आणखी एक मसुदा पुढे आला आणि तोही बारगळला.

सरकारने कायदा करून प्रापंचिकांना सत्ता द्यावी, हे मला स्वतःला पटत नाही. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शैक्षणिक संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे, तो असा हळूहळू झिजेल. पण हा हक्क अख्ख्या समाजाचा आहे, एकट्या बिशपांचा किंवा एखाद्या सिस्टरांच्या संघाचा नाही. आणि समाजाचा हक्क म्हटला की तो सांभाळायची जबाबदारीही समाजावर येते.

रविवारचे पैसे

कारभाराची पहिली पायरी अगदी साधी आहे. मिस्सा संपते, लोक बाहेर अंगणात बोलत उभे असतात, आणि आत सॅक्रिस्टीच्या, म्हणजे वेदीमागच्या तयारीच्या खोलीतल्या, टेबलावर दानाच्या पिशव्या उलट्या होतात. दहाच्या नोटांच्या घड्या उलगडायच्या. नाण्यांचे ढीग लावायचे. पाकिटे बाजूला काढायची, कारण त्यातली काही एखाद्याच्या वर्षश्राद्धाची किंवा लग्नाच्या वाढदिवसाची मिस्सा सांगण्यासाठी दिलेली असतात आणि ते पैसे साध्या दानात मिसळायचे नसतात. दोघांनी मोजायचे, तिसऱ्याने किती नोटा कशाच्या ते वहीत मांडायचे, खाली सह्या करायच्या, आणि सोमवारी बँकेत भरणा झाला की त्याची स्लिप त्याच पानाला टाचायची. हे सगळे प्रापंचिकांनी करायचे काम आहे. ज्या धर्मग्रामात फादर एकटेच खोलीत नेऊन पैसे मोजतात तिथे ते कितीही सरळ असले तरी एक दिवस त्यांच्याबद्दल कुजबुज सुरू होतेच. दोन सह्यांचे ते पान लोकांच्या पैशांइतकेच फादरांच्या नावाचेही रक्षण करते.

या साध्या रिवाजामागे कायदा उभा आहे. कॅनन लॉचे कलम ५३७ म्हणते की प्रत्येक धर्मग्रामात अर्थ-समिती असलीच पाहिजे. आम्ही तिला फायनान्स कमिटी म्हणतो. ती फादरांच्या मर्जीवर सोडलेली नाही, सक्तीची आहे. तिच्या शेजारी दुसरे मंडळ असते, पॅरिश कौन्सिल. भक्तीचे कार्यक्रम, तरुणांचे काम, गरिबांना मदत, सण यांचा विचार ते करते. कलम ५३६ प्रमाणे हे कौन्सिल असावे की नाही ते बिशप आपल्या धर्मगुरूंच्या मंडळाचे मत घेऊन ठरवतात, आणि त्याचे मत सल्ल्यापुरतेच असते. गंमत अशी की लोक पॅरिश कौन्सिलवर नाव यावे म्हणून धडपडतात आणि फायनान्स कमिटीकडे कुणी वळत नाही, कारण तिथे आकडे असतात. जिथे कायद्याने जागा पक्की आहे तिथेच आपण गैरहजर राहतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

पुढे जाऊन कलम १२८४ वाचले तर चर्चच्या मालमत्तेची देखभाल करणाऱ्याने काय करायचे याची यादीच मिळते: मालमत्तेचे नुकसान होऊ द्यायचे नाही, गरज तिथे विमा उतरवायचा, मालकीची कागदपत्रे देशाच्या कायद्याने वैध राहतील असे पाहायचे, जमाखर्चाची वही नीट ठेवायची, वर्षअखेर हिशेब द्यायचा. वार्षिक अंदाजपत्रकाचीही आग्रहाने शिफारस आहे. कलम १२८६ सांगते की कामगार कायदा पाळा आणि काम करणाऱ्यांना न्याय्य मजुरी द्या. आणि कलम १२८७ मध्ये आहे ते तर प्रत्येक कॅथलिक घरात माहीत असायला हवे: श्रद्धावंतांनी जे दान दिले त्याचा हिशेब, धर्मप्रांताच्या नियमांनुसार, श्रद्धावंतांना द्यायचा. तेव्हा नोटीस बोर्डावर वर्षाचा जमाखर्च लावा म्हणणे हा उद्धटपणा नाही. कलम २१२ प्रमाणे तर चर्चच्या भल्याबद्दल आपले मत धर्मगुरूंना आदराने कळवणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, आणि आपल्या ज्ञानाच्या मानाने कधी कधी कर्तव्यही.

संमती आणि सल्ला

धर्मग्रामातून वर धर्मप्रांताकडे गेले की प्रापंचिकांची ताकद वाढते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. प्रत्येक बिशपांकडे अर्थ-मंडळ असावेच लागते. त्यात किमान तीन श्रद्धावंत, तेही अर्थव्यवहार आणि देशाच्या कायद्यात खरोखर जाणकार आणि सचोटीचे. मुदत पाच वर्षे. बिशपांचे जवळचे नातेवाईक त्यात बसू शकत नाहीत. धर्मगुरूच असायला हवा अशी अट नाही, म्हणजे सोलापुरातला एखादा कॅथलिक चार्टर्ड अकाउंटंट किंवा वकील तिथे बसू शकतो. हे मंडळ दरवर्षी अंदाजपत्रक तयार करते आणि वर्षअखेर हिशेब तपासते.

महत्त्वाचा आर्थिक निर्णय घेण्याआधी बिशपांना या मंडळाचे आणि ज्येष्ठ धर्मगुरूंच्या सल्लागार मंडळाचे म्हणणे ऐकावेच लागते. निर्णय नेहमीच्या व्यवहाराबाहेरचा असेल, किंवा ठरावीक रकमेवरची जमीन-इमारत विकायची असेल, तर दोन्ही मंडळांची संमती लागते. रकमेच्या खालच्या आणि वरच्या मर्यादा त्या देशाचे बिशप मंडळ ठरवते, आणि वरच्या मर्यादेपलीकडच्या व्यवहाराला रोमची परवानगीही लागते. संमती लागत असताना ती न घेता केलेला व्यवहार कलम १२७ नुसार चर्चच्या कायद्यात अवैध. एवढेच नव्हे, जिथे फक्त सल्ला घ्यायला सांगितले आहे तिथे तो न घेताच निर्णय केला तरी तो टिकत नाही. २०२१ साली शिक्षांची कलमे सुधारली तेव्हा असा विनासल्ला, विनासंमती व्यवहार करणाऱ्याला शिक्षेची तरतूदही झाली.

म्हणून "आमचे मत फक्त सल्ल्यापुरते, मग कशाला बोलायचे?" असे कुणी म्हणाले की मला थांबवावेसे वाटते. त्याच कलम १२७ मध्ये आणखी एक वाक्य आहे. ज्यांचा सल्ला किंवा संमती कायद्याने लागते त्यांनी आपले मत प्रामाणिकपणे देणे बंधनकारक आहे. मिटिंगमध्ये मान डोलावून बाहेर पार्किंगमध्ये खरे मत सांगणारा सभासद नियम मोडतो.

शिकवणे वेगळे, चालवणे वेगळे, कारभार वेगळा

आता शाळा-दवाखान्यांकडे येऊ, कारण लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कॅथलिक शाळेत शिकवणारे बहुसंख्य शिक्षक प्रापंचिक असतात. त्यात हिंदू, मुस्लिम, लिंगायत, पद्मशाली सगळे आले. दवाखान्यातले डॉक्टर, लॅबवाले, अकाउंटंटही तसेच. काही ठिकाणी मुख्याध्यापकही प्रापंचिक. मग प्रापंचिकांचा सहभाग आहेच की, असे म्हणता येईल. पण ही हाताने करायची आणि रोज चालवायची कामे झाली. कारभार त्याच्या वरच्या मजल्यावर असतो.

सोलापूरकराला हे पतसंस्थेवरून चटकन कळेल. मॅनेजर रोज शाखा चालवतो, पण शाखा बंद करायची की नाही, इमारत घ्यायची की नाही, मॅनेजर कुणाला नेमायचे, हे संचालक मंडळ ठरवते. कॅथलिक संस्थेत ही वरची जागा बहुधा सिस्टरांच्या किंवा फादरांच्या संघाकडे असते. विश्वस्त त्यांचेच, अध्यक्ष त्यांच्याच प्रांताच्या प्रमुख.

परदेशात ही रचना कशी बदलली ते पाहण्यासारखे आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड इथे गेल्या काही दशकांत सिस्टर होणाऱ्या मुलींची संख्या फार घटली. मोठमोठी हॉस्पिटले हाती, आणि संघातल्या सिस्टर म्हाताऱ्या. आधी त्यांनी सल्लागार मंडळे नेमली. मग संचालक मंडळात प्रापंचिक डॉक्टर, वकील, बँकर घेतले, पण काही निर्णय स्वतःकडे राखून ठेवले: संस्थेचा उद्देश बदलणे, मालमत्ता विकणे किंवा गहाण टाकणे, मंडळावरचे सदस्य नेमणे-काढणे, संस्था बंद करणे किंवा दुसरीत विलीन करणे. बाकी सगळे मंडळाने ठरवायचे. हे राखीव अधिकार म्हणजे या सगळ्या रचनेचा कणा. ते कुणाच्या हातात आहेत ते पाहिले की संस्था खरी कुणाची ते कळते.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे हे राखीव अधिकारसुद्धा प्रापंचिकांकडे सोपवणे. कॅनन लॉमध्ये चर्चच्या नावाने काम करणारी कायदेशीर व्यक्ती नव्याने निर्माण करता येते. त्यासाठी बिशपांची किंवा रोमची मान्यता लागते. ऑस्ट्रेलियात सिस्टर्स ऑफ चॅरिटी या संघाने आपली हॉस्पिटले आणि शाळा अशाच एका नव्या संस्थेकडे सोपवल्या. तिचे नाव मेरी एकनहेड मिनिस्ट्रीज, आणि तिच्या विश्वस्तांत प्रापंचिक आहेत. म्हणजे हॉस्पिटल कॅथलिकच राहिले, चर्चचेच राहिले, फक्त चर्चच्या वतीने जबाबदारी घेणारी माणसे बदलली. या विश्वस्तांना चर्चची शिकवण, वैद्यकीय नीती, गरिबांना अग्रक्रम आणि कॅनन लॉ यांचे प्रशिक्षण दिले जाते, आणि ते एकदाच देऊन संपत नाही. नुसता हुशार व्यावसायिक आणून बसवला तर हॉस्पिटल चांगले चालेल, पण पाच-दहा वर्षांत ते इतर कुठल्याही खासगी हॉस्पिटलसारखे होईल, हा धडा तिथल्या लोकांनी घेतला आहे.

इथे एक बारकावा सांगायला हवा. धर्मप्रांताच्या अर्थ-मंडळात सभासद कॅथलिक श्रद्धावंतच हवा, पण शाळा किंवा दवाखाना चालवणाऱ्या सोसायटीच्या मंडळावर बिगरख्रिस्ती माणूसही बसू शकतो, संस्थेच्या घटनेत तशी सोय असेल तर. सोलापुरात तर हे फार उपयोगी पडेल. शाळेची वर्षानुवर्षे सेवा केलेली एखादी निवृत्त शिक्षिका हिंदू असली म्हणून तिचा अनुभव बाहेर ठेवण्यात कुणाचाच फायदा नाही.

भारतात सिस्टरांची संख्या पश्चिमेइतकी ओसरलेली नाही. पण अडचण वेगळ्या वाटेने येते. संघाच्या नियमाप्रमाणे सिस्टरांच्या बदल्या होत राहतात. आज इथे, तीन वर्षांनी दुसऱ्या राज्यात. एका संस्थेच्या कागदांना मदत करताना मी पाहिले की धर्मादाय कार्यालयातल्या शेड्यूलच्या, म्हणजे न्यासाच्या नोंदीच्या, उताऱ्यावर जी विश्वस्तांची नावे होती, त्यातल्या दोघी परलोकी गेलेल्या आणि बाकीच्या कधीच सोलापूर सोडून गेलेल्या. प्रत्येक बदलीनंतर चेंज रिपोर्ट दाखल करायचा राहून गेला होता. आता बँक नव्या सिस्टरांच्या सह्या घेईना, आणि जुन्या रिपोर्टांची साखळी जोडल्याशिवाय नवे नाव लागेना. एका साध्या दुरुस्तीसाठी मुदत ठेव मोडायची होती, तीही अडकली. सिस्टर तर दिवसभर वर्गात आणि वसतिगृहात राबत होत्या. गावात कायम राहणारे दोन प्रापंचिक विश्वस्त असते तर हे झाले नसते. बदली होत नाही, हाच त्यांचा सगळ्यात मोठा गुण.

परदेशी पैशांच्या कायद्यानेही दडपण वाढवले आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेली रक्कम एका संस्थेने दुसरीला देता येत नाही, पहिले खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच लागते, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. लहान गावातल्या संस्थेला आता इथल्याच लोकांच्या पैशावर आणि इथल्याच जाणकारांवर उभे राहावे लागणार. बालकांच्या सुरक्षेचेही तसेच. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. मंडळावर बसलेला प्रापंचिक "ते अंतर्गत प्रकरण आहे" म्हणून हात झटकू शकत नाही, आणि त्याने तसे होऊही देऊ नये.

एवढी सावधगिरी का

चर्च प्रापंचिकांना कारभार द्यायला कचरते, त्यामागे इतिहास आहे. १९०६ साली पोप दहावे पायस यांनी एका परिपत्रकात स्पष्टच म्हटले होते की चर्च हा दोन असमान वर्गांचा समाज आहे, आणि बहुसंख्यांचे कर्तव्य आपल्या पाळकांच्या मागे जाणे एवढेच. त्याच्या आधी अमेरिकेत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत चर्चच्या इमारती प्रापंचिक ट्रस्टींच्या नावावर असत. ट्रस्टी फादर कोण हवा तेही ठरवू पाहत, आणि १८२० च्या दशकात फिलाडेल्फियात हे भांडण इतके पेटले की धर्मग्राम दुभंगला. त्यानंतर बिशपांनी मालमत्ता आपल्या हाती घेतली.

आपल्याकडेही प्रापंचिकांचा कारभार आपोआप चांगला ठरला असे नाही. गोव्यात चर्चचे सण आणि मालमत्ता सांभाळणाऱ्या कोंफ्रारिया शतकानुशतके प्रापंचिकांच्याच होत्या. पण काही ठिकाणी त्यांचे सदस्यत्व ठरावीक जातींच्या घरांपुरतेच राहिले. फादरांच्या हातून सत्ता काढून चार वजनदार कुटुंबांच्या हाती दिली तर दलित ख्रिस्ती माणसाला आणि बाईला त्याचा काय उपयोग? भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. त्याची खरी परीक्षा पॅरिश कौन्सिलच्या यादीत होते. आमच्याकडे मराठी, तेलुगू, तमिळ, कोकणी बोलणारी घरे एकाच बाकावर बसतात. कमिटीत मात्र तीच तीच आडनावे दिसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

वळण आणले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. १९६४ साली तिने चर्चविषयीच्या दस्तऐवजात प्रापंचिकांसाठी एक पूर्ण प्रकरण लिहिले: बाप्तिस्म्याने सगळ्यांची प्रतिष्ठा सारखी, आणि आपल्या ज्ञान-कौशल्याप्रमाणे मत मांडण्याचा त्यांना हक्क. १९८३ ची संहिता त्याच मुशीतली. तरी एक प्रश्न लोंबकळत राहिला. चर्चमधली सत्ता गुरुदीक्षेतूनच येते, की नेमणुकीतूनही येऊ शकते? कलम १२९ म्हणते, सत्तेला पात्र ते दीक्षित. प्रापंचिक तिच्या वापरात सहकार्य करू शकतात. आता "सहकार्य" म्हणजे किती, यावर पंडितांचे वाद अजून चालू आहेत.

पोप फ्रान्सिस यांनी वाद संपण्याची वाट पाहिली नाही. २०१८ साली त्यांनी पावलो रुफिनी या पत्रकाराला, विवाहित गृहस्थाला, व्हॅटिकनच्या संपर्क खात्याचे प्रमुख केले. १९ मार्च २०२२ रोजी रोमच्या प्रशासनाची नवी घटना जाहीर झाली. तिच्यात कुणीही श्रद्धावंत खात्याचा प्रमुख होऊ शकतो असे लिहिले आहे. तिची ओळख करून देताना कॅनन लॉचे अभ्यासक फादर ज्यानफ्रांको गिरलांदा यांनी सांगितले की अशा पदाचा अधिकार दीक्षेतून येत नाही, पोपने सोपवलेल्या कामातून येतो. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिला एका खात्याच्या प्रमुख झाल्या आणि मार्च २०२५ पासून सिस्टर राफाएला पेत्रिनी व्हॅटिकन नगरराज्याच्या प्रशासनाच्या अध्यक्ष. सिस्टर कायद्याने धर्मगुरूवर्गात मोडत नाहीत, म्हणून या नेमणुका आपल्या विषयात येतात. २०२३ आणि २०२४ च्या सिनोडमध्ये, म्हणजे रोममधल्या बिशपांच्या जागतिक सभेत, प्रापंचिक स्त्री-पुरुषांनी पहिल्यांदाच बिशपांच्या बरोबरीने मत दिले. ऑक्टोबर २०२४ च्या अंतिम दस्तऐवजात हिशेबाची पारदर्शकता आणि धर्मग्राम-धर्मप्रांताची मंडळे प्रत्यक्षात बंधनकारक करण्याचे सुचवले आहे.

आपल्याकडे अडते कुठे

रोमपासून सोलापूरपर्यंत हे झिरपायला वेळ लागतो, आणि सगळा दोष फादरांवर टाकणे मला मान्य नाही. एक मोठा अडसर भाषेचा आहे. संस्थांच्या घटना, ठराव, इतिवृत्त बहुतेक इंग्रजीत असतात. बीडी कारखान्यात किंवा यंत्रमागावर उभे आयुष्य घालवलेली बाई पॅरिश कौन्सिलवर आली आणि तिच्या हातात इंग्रजी अजेंडा ठेवला, तर ती गप्पच बसणार. मग "आमचे लोक बोलत नाहीत" असा शिक्का बसतो. इतिवृत्त मराठीत लिहा, हिशेब मराठीत वाचून दाखवा, आकडे फळ्यावर लिहा. बोलायला माणसे आहेत.

दुसरे, तयारी. कमिटीवर नाव आले की ताळेबंद कसा वाचायचा, राखीव निधी म्हणजे काय, कलम ३६ कशाला लागते, हे कुणी शिकवत नाही. धर्मप्रांताने चार-सहा शनिवारांचा वर्ग घेतला आणि त्यात कॅनन लॉचे जाणकार फादर, एक सीए आणि धर्मादाय कार्यालयात काम करणारा वकील बसवला, तरी पुष्कळ होईल.

आणि तिसरे, एखादा संघ सोलापुरातून काढता पाय घेतो तेव्हा काय होते ते पाहा. सहसा संस्था दुसऱ्या संघाकडे जाते, नाहीतर धर्मप्रांताकडे, नाहीतर बंद पडते. प्रशिक्षित प्रापंचिक विश्वस्तांकडे सोपवणे हा चौथा मार्ग चर्चच्या कायद्याने खुला आहे, पण तो ऐन वेळी सुचून उपयोग नाही. त्यासाठी संघाच्या वरिष्ठांची आणि बिशपांची संमती, मोठ्या मालमत्तेला रोमची परवानगी, घटनेत दुरुस्ती, धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, राखीव अधिकार कुणाकडे राहतील याचा लेखी करार, आणि त्या खुर्चीत बसायला तयार झालेली पाच-सात माणसे लागतात. या कामाला वर्षे जातात, म्हणून ते सिस्टर इथे असतानाच, त्यांना शेजारी बसवून, सुरू करावे लागते.